बॉयलरच्या पोटातले टिपणीस

बॉयलरच्या पोटात माणसानं उतरायचं जे भोक असतं ते लांबट गोल का असतं, असं मला कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन, की कुणा लबाड गोऱ्यानं आमच्या टिपणीस साहेबांच्या पोटाचं माप चोरून विलायतेला नेलं, त्यातून बरोबर दोन बोटं कमी केली आणि तेवढं भोक पाडलं. त्या दोन बोटांसाठी टिपणीस साहेब आयुष्यभर झगडले. आणि पनवेल तालुक्यातल्या एकूण एक भाताच्या गिरणीत जिंकले.

टिपणीस साहेब म्हणजे सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर. नवा बॉयलर बसवला की तो पेटवण्याआधी त्यांनी आतून-बाहेरून बघायचा, ठोकायचा, पाण्याचा दाब देऊन तपासायचा आणि मग सही करायची. सही नाही तर काडी नाही. तुम्ही लक्षाधीश असा, आमदाराचे मेहुणे असा, टिपणीस साहेब आत जाऊन बाहेर येईपर्यंत तुमचा बॉयलर म्हणजे एक मोठं पिंप.

मी त्या काळी बाबूशेठच्या गिरणीत मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे मला एक खुर्ची होती आणि तिला तीन पाय होते. चौथा बाबूशेठ पुढच्या हंगामात करून देणार होते. अशा अकरा हंगामांचा मी साक्षीदार आहे. साहेब पहिल्यांदा आले तेव्हा मी उठून ती खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. खिशातून सोनाराच्या हातोडीएवढी हातोडी काढली, खुर्चीच्या तिन्ही पायांवर एकेक टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "हिच्यावर अकरा वर्षं बसताय? धाडसी आहात."

ती हातोडी त्यांच्या अंगाचाच एक अवयव होती. "चांगलं लोखंड गातं, वाईट लोखंड खोकतं," असं ते म्हणत. पण लोखंडावर भागलं असतं तर ते टिपणीस कसले! कलिंगड, पाटा, देवळातली घंटा, नगरपालिकेच्या नळाची तोटी, सगळ्यांचा गळा त्यांनी तपासलेला. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी मुलाच्या पाठीवर कौतुकाची थाप मारली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. लग्न जमलं. मुलगा गात असणार.

दुसरी खोड म्हणजे 'नाही'. काहीही विचारा, पहिलं उत्तर नाही.

"साहेब, चहा घेणार?"

"नाही." मग किटलीकडे बघायचं, झाकण उचलायचं, कपाच्या कानाला बोट लावायचं. "घेईन."

एकदा मी विचारलंच. म्हणाले, "अहो, जगात 'हो' म्हणायला माणसं हवी तेवढी आहेत. मालक हो म्हणतो, विकणारा हो म्हणतो, ज्योतिषी हो म्हणतो. सरकार मला पगार देतं तो 'नाही' म्हणायचा. 'हो' मी घरून आणतो, ते सरकारला फुकट."

पनवेलच्या बायकांना या 'नाही'ची भारी धास्ती. कारण साहेब ज्याच्या घरी जातील तिथं आधी स्वयंपाकघरात शिरून स्टोव्ह बघायचे. "वहिनी, वॉशर कधी बदललाय? पंप जास्त मारू नका. आणि हे भोक पिन घालून साफ करा, फुंकून नाही." माझी बायको सुरवातीला तणतणली. "पाहुणा देवघर बघतो, झोपाळा बघतो, हा मेला स्टोव्ह बघतो!" पण पुढं पुढं आळीतल्या बायकाच "इन्स्पेक्टर भाऊजी, जरा बघता का?" म्हणून स्टोव्ह घेऊन ओट्यावर ओळीनं बसायला लागल्या. एका संकष्टीला आमच्या ओट्यावर एकोणनव्वद स्टोव्ह होते. नव्वदावा होता, पण त्याच्या मालकिणीचं नि माझ्या बायकोचं बोलणं नव्हतं, म्हणून तो रस्त्यावर.

खाडीपलीकडे तुर्भ्याला अणूची भट्टी उभी राहतेय, अशी बातमी न्हाव्याच्या दुकानात पोचली तेव्हा अर्धं पनवेल हरखलं. टिपणीस साहेब अर्ध्या दाढीवर होते. आरशातूनच त्यांनी विचारलं, "पेटवायच्या आधी तिच्या पोटात कोण उतरणार?"

न्हावी म्हणाला, "साहेब, कोणी का उतरेना, तुम्ही नाही मावणार."

सगळं दुकान हसलं. साहेबही हसले, पण त्यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. आठवडाभर भेटेल त्याला विचारत होते, "तिथं 'नाही' म्हणायला कुणीतरी ठेवला असेल ना हो? असेलच म्हणा. शहाणी माणसं आहेत ती."

आता या माणसाचा एकच दुबळेपणा सांगतो. जिताडा. आमच्या भागात सरकारी कागद हलायला दोन गोष्टी लागत, तिकीट आणि जिताडा. तिकीट अर्जाला चिकटवायचं, जिताडा साहेबाच्या मागच्या दारानं द्यायचा. भरतीच्या पाण्यातला, हातभर लांब, खाल्ला की माणूस महिनाभर सगळ्यांशी गोड बोलतो असा हा मासा. त्यातून टिपणीस कायस्थ. जिताड्याचं नाव काढलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि हे मी तोंडात म्हणायला हवं, पण खरंच डोळ्यांत यायचं.

बाबूशेठनं बॉयलरचा अर्ज केला त्याच दिवशी साहेबांच्या घरी असा एक जिताडा गेला, की दोन माणसांनी काठीला बांधून नेला. मी त्यातला एक, म्हणून वजनाचं सांगतो: वाटेत आम्ही तीनदा खांदा बदलला. दार वहिनींनी उघडलं. त्यांनी माशाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू माहेरचं माणूस आलंय.

आतून आवाज आला, "अर्ज निकाली निघालाय?"

"नाही साहेब, आजच दिलाय," मी म्हणालो.

"मग मासाही निकाली निघणार नाही. घेऊन जा."

वहिनी तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "दारात आलेला जिताडा परत पाठवणारा पुरुष कायस्थांत जन्मला कसा, आणि जन्मला तो माझ्याच वाट्याला!" आम्ही काठी उचलून वळलो, तर मागून साहेबांची हाक. पळत आले, माशाच्या पाठीवर हातोडीची हलकी टिचकी मारली, कान लावला आणि अगदी हळू म्हणाले, "ताजा आहे हो." मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

बाबूशेठचा हा बॉयलर नवा होता, म्हणजे पनवेलला नवा. मुंबईच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून पडावात घालून तो बंदरावर उतरवला होता. बंदरापासून गिरणीपर्यंत त्याला बावीस बैलजोड्या लागल्या, आणि तेविसावी जोडी मला ओढायला, कारण मी दमलो होतो. बाबूशेठनं जाहीर केलं, दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन. सनई, पेढे, तीन गावांची पुढारी मंडळी.

बॉयलर चालवायला ठेवला महादूला. महादू उरणच्या बाजूचा आगरी, पन्नाशीला आलेला, काटक, बोलायला कमी. सबंध तालुक्यात सर्टिफिकेटवाला बॉयलरवाला तो एकच मोकळा होता. त्याच्या डाव्या गालापासून मानेपर्यंत कातडी चुण्या पडलेली, गुलाबी. पूर्वी तो दुसऱ्या एका गिरणीत होता. तिथला बॉयलर फुटला. महादू जळणाचं तूस आणायला बाहेर गेला होता म्हणून भाजण्यावर भागलं. भट्टीपुढे त्याचा थोरला भाऊ उभा होता. तो सापडलाच नाही म्हणा ना. तेव्हापासून महादूनं बॉयलरला हात लावला नव्हता. पाच वर्षं मिठागरावर काढली. बाबूशेठनं फार गळ घातली आणि घरी खाणारी तोंडं वाढली, म्हणून तो आला. पण आल्या दिवशीच तो एकवीरेला नवस बोलला: पाच नारळ नव्या बॉयलरवर वर्षभर बांधीन, माझी राखण कर.

साहेब दसऱ्याच्या आधी आले तेव्हा पहिली तपासणी झाली. कोट काढला, शर्ट काढला, टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आणि बंडीत उभे राहून पोटाला पावशेर खोबरेल चोळलं. आधी हात, मग डोकं, मग खांदे आत गेले, आणि मग ती दोन बोटं आली.

"महादू, ढकल!"

"सायेब, कुठून ढकलू?"

"जिथून बाहेर आहे तिथून!"

चाळीस मिनिटं साहेबांचा वरचा भाग बॉयलरमध्ये आणि खालचा बाबूशेठच्या हद्दीत. बाबूशेठ रडकुंडीला आले. "मॅनेजर, आता पेटवताही येत नाही आणि कापताही येत नाही!" तेवढ्यात आतून, गाभाऱ्यातून देव बोलावा तसा घुमत आवाज आला, "लिहून घ्या! डाव्या अंगाला, तिसऱ्या रांगेत पाचवा रिव्हेट, गंज!" अडकल्या अडकल्या त्यांनी सात दोष सांगितले. आठवा ते पूर्ण आत गेल्यावर सापडला. दोन तास आत हातोडी वाजत होती आणि बाहेर आम्ही, आतलं लोखंड गातंय की खोकतंय, हे कळायचा प्रयत्न करत होतो. महादू मात्र बॉयलरला तळहात टेकून पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत उभा होता.

आठही दोष दुरुस्त झाले. पाण्याचा दाब देऊन झाला. आता राहिली होती फक्त शेवटची नजर आणि सही. ती पाडव्याच्या आदल्या दिवशी ठरली.

इथं एक शब्द समजून घ्या. बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. एक झाकण, त्यावर आडवा लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ठरलेलं वजन. वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेच्या वर जायला लागला की झाकण ते वजन उचलून उघडतं, जास्तीची वाफ सोडून देतं, आणि दाब उतरला की पुन्हा बसतं. पण आमच्या गिरण्यांत 'सेफ्टी' कोण म्हणणार? तो दांडा मागं शेपटासारखा निघालेला, म्हणून सगळे म्हणायचे 'शेपटी'. आणि शेपटी म्हटलं की ती बांधाबांधीलाच असते, हे बैलपोळ्यापासून आम्हाला ठाऊक.

साहेब आले, बॉयलरकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबले. शेपटीच्या टोकाला, वजनाला लागून, झेंडूच्या माळेत पाच नारळ लटकत होते. सोललेले नव्हेत, असोले! एकेक लहान पोराच्या डोक्याएवढा. खंडेनवमीला महादूनं स्वतः बांधले होते. वर हळदकुंकू.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"शोभा आहे साहेब," बाबूशेठ म्हणाले.

"काढा."

महादू पुढे आला. "नाय सायेब. नवसाचे हायेत. वरीसभर नाय उतरायचे."

"अरे, या दांड्यावर किती वजन टांगायचं ते ठरलेलं आहे. एकवीरेला त्यात वाढ करायची असेल तर तिनं कार्यालयात लेखी अर्ज करावा."

कुणी हसलं नाही. महादू खाली बघत म्हणाला, "नारल उतरलं तर मी पेटवनार नाय. तुमी दुसरा मानूस बघा."

झाली पंचाईत. नारळ असतील तर साहेब सही करणार नाहीत, नसतील तर महादू काडी लावणार नाही, आणि उद्या सकाळी सनई! बाबूशेठनं साहेबांना बाजूला घेतलं. आधी हात जोडले, मग मुंबईतल्या ओळखी काढल्या, मग बदलीची भाषा. "एका माळेसाठी चाळीस माणसांची चूल अडवताय तुम्ही!"

साहेब म्हणाले, "शेठ, चाळीस नव्हे. मी एकाचाच विचार करतोय. जो तिच्यापुढे उभा राहणार त्याचा."

मग त्यांनी जे केलं ते मी आजतागायत कुठल्या साहेबाला करताना पाहिलं नाही. हुकूम दिला असता तर नारळ उतरले असते. महादू मिठागरावर परत गेला असता आणि उरणपलीकडून कुणी अर्धवट पोरगा पकडून आणला गेला असता. साहेबांनी बॉयलर काठोकाठ थंड पाण्यानं भरायला लावला. हातपंप जोडला. "पाणी आहे, वाफ नाही. फुटलं तरी आंघोळच होईल. महादू, पंप तू मार. बघ फक्त काट्याकडे आणि शेपटीकडे." तेही आता शेपटीच म्हणायला लागले होते.

महादू पंप मारू लागला. काटा सरकत सरकत लाल रेघेला आला. शेपटी हलली नाही. काटा रेघ ओलांडून पुढे गेला. नारळ शांत. आणखी पुढे गेला. महादूचा हात थांबला.

"मार," साहेब म्हणाले.

"नाय सायेब. रेघेच्या पुरं जेला काटा."

"वाफ असती तर?"

महादूनं पंपाची मूठ सोडली.

"आता नारळ उतरव. मी हात लावणार नाही. तुझे आहेत, तूच उतरव. मग पुन्हा पंप मार."

बाबूशेठ काहीतरी बोलायला गेले, तर साहेबांनी नुसता हात वर केला. शेवटी महादूनं चपला काढल्या, वर चढला, शेपटीला नमस्कार केला, गाठी सोडल्या आणि पाचही नारळ पोटाशी धरून खाली आला. ते माझ्या हातात दिले. खरं सांगतो, यात तिखटमीठ नाही, मला ते दोन्ही हातांत पेलेनात.

त्यानं पंप मारला. काटा लाल रेघेला टेकला, आणि टेकताक्षणी शेपटी उचलली गेली. पाण्याची अशी पिचकारी उडाली की बाबूशेठचा पाडव्यासाठी आणलेला जरीकाठी फेटा एक दिवस आधीच भिजला. आम्ही सगळे ओरडलो. महादू ओरडला नाही. पंप सोडून तो खाली बसला.

"सायेब," तो म्हणाला, "तिथं पन शेपटीला धोंडा बांधलेला. वाफ फुकट जाते म्हून मालकानं सांगितला, न् दादानं बांधला. मी त्याला धोंडा हातात दिला व्हता." माझ्या हातातल्या नारळांकडे बघून म्हणाला, "इथं मी एकवीरा आयेच्या नावानं त्योच बांधला."

साहेब त्याच्या शेजारी ओल्या जमिनीवर टेकले, म्हणजे त्यांच्या देहाच्या मानानं जेवढं टेकता येतं तेवढं. "तुला कुणी दाखवलं नव्हतं रे," ते म्हणाले. "सांगितलं सगळ्यांनी असेल. दाखवलं कुणी नाही."

कागदावर साहेबांची सही चढली आणि बॉयलरघराच्या चौकटीवर नारळ चढले. महादू म्हणाला, आईला तिथून जास्त दिसेल. मग तो साहेबांना म्हणाला, "पेटवतो. पन पयली वाफ येताना तुमी हितं उभं रावायचा. माझ्या बाजूला."

पहिल्यांदाच साहेबांनी आधी 'नाही' म्हटलं नाही.

पाडव्याला भट्टी पेटली. पुढारी मंडळी, सनईवाले, पेढ्यांचं ताट, सगळे दाटीवाटीनं बॉयलरपुढे. काटा चढू लागला. भाषण चालू होतं, "या अग्निदेवतेच्या साक्षीनं..." आणि काटा लाल रेघेवर आला. शेपटी उचलली.

तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला काय सांगू! पनवेलची झाडून सगळी कुत्री कर्जतला पोचली. सनईवाला सनई टाकून पळाला, पुढारी त्याच्या पुढं पळाला, बाबूशेठ तुसाच्या ढिगात शिरले ते नुसता फेटा बाहेर. मी? मी दारापर्यंत व्यवस्थापन पाहायला गेलो होतो. पांढऱ्या वाफेत आत दोनच आकृत्या दिसत होत्या, एक बारीक, एक रुंद. अंगाला अंग लावून उभ्या. मग धप् असा आवाज झाला, झाकण बसलं, वाफ विरली.

महादू साहेबांच्या पायांकडे बघत होता. ते लटलटत होते.

"सायेब, तुमी पन भ्यालाव?"

"दर वेळेला," साहेब म्हणाले.

महादू हसला. आमच्या गिरणीत आल्यापासून पहिल्यांदा. त्याच्या गालावरच्या त्या चुण्या हसताना कशा दिसतात हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

महिन्याभरात त्यांची बदली झाली. बाबूशेठनं केली की सरकारनं, देव जाणे. शेठ तर त्यांच्या निरोपाला सगळ्यात मोठ्यानं रडले. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलेत ते पाडव्याचेच टिपणीस साहेब. अंगाला तूस चिकटलेलं, कोट खांद्यावर, हातात पेढ्याचा पुडा, एस्टी पकडायला हमरस्त्यानं चाललेले. मी गिरणीच्या फाटकात उभा होतो. मागं बॉयलरघरात महादू एकटा. तेवढ्यात शेपटी पुन्हा सुटली. लोक दचकून मागं बघायला लागले. साहेबांनी मागं पाहिलं नाही. ऐन रस्त्यात थांबले, मान तिरकी केली. त्यांच्या मागं गवताच्या गाड्यांची रांग तुंबली. "ओ सायेब, सरा बाजूला! रस्ता तुमच्या बापाचा हाय काय?" गाडीवाले बोंबलत होते. ते हलले नाहीत. एक हात वर करून सगळ्यांना थांबवून धरलं त्यांनी, पुण्याकडच्या आणि मुंबईकडच्याही.

मग झाकण बसल्याचा धप् आला. त्यांनी हात खाली घेतला, गाडीवाल्यांना वाट दिली आणि चालू लागले.